गावाखालची दुपार

माय, आपल्या गल्लीतला रस्ता खचला. पाण्याचा टँकर जात होता, त्याचं मागचं चाक खाली गेलं अन् खड्ड्यातून गार हवा आली. सारे वाकून पाहत राह्यले. कोणी म्हणे राजाची पळवाट, कोणी म्हणे फौजेपासून लपायची जागा, कोणाले खजिन्याचीच घाई. मले मात्र हसू येत होतं. ते आपलं भुयार होतं, बायांचं.

उन्हाळ्यात पुरुषमाणसं जेवून लवंडली की तू कोठीतली फरशी सरकवायची. आधी दोरीनं पेटता दिवा खाली सोडायची. दिवा तगला म्हणजे हवा चांगली, मग आपण उतरायचो. पाच-सहा घरांची तळघरं आतून एकमेकांले जोडलेली. सुनांले दिवसाढवळ्या उंबरठा ओलांडायची सोय नव्हती, पण खालून कोणाच्याही घरी जाता येई. कोणी वाती वळते आहे, कोणी कोणाच्या उवा पाहते आहे. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, बाकीचं सारं तिथं शिकले. काय काय शिकले ते इथं लिहीत नाही.

अन् तो दिवस! तू शेजारणीले सांगत होती, माही सासू भाकरी मोजून वाढते. आजी पलीकडच्या तळघरात तूर निवडत बसली आहे, हे आपल्याले कुठं ठाऊक. भुयारात तर कुजबूजही दूर जाते. संध्याकाळी तू जेवायले बसली, तर आजीनं भाकरीचं टोपलंच तुह्यापुढं सरकवलं.

"घे वं. आज मोजल्या नाहीत."

तुहा घास हातातच राह्यला. मी फिसकन हसले, तर तू पाटाआडून असा चिमटा काढला की बस. दुसऱ्या दुपारी बुढी स्वतःच शिडी उतरून आली. वर एकटीनं बसून काय करू, म्हणे. तू सरकली, तिले जागा करून दिली.

आता नगरपालिकेचे लोक मुरूम टाकून ते बुजवून राह्यले. लेकरं शाळेत वरूनच जातात, बुजवायलाच पाहिजे. पण त्याआधी मले एकदा उतरायचं होतं. तू गेल्यावर बाबांनी कोठीतलं तोंड बांधून टाकलं, तेव्हापासून ही इच्छा मनात होती. लेक ऐकेना. या वयात हाडं मोडून घेतेस काऊन, म्हणे. मग मी त्याच्याशी बोलणंच सोडलं. जेवण नाही सोडलं. शेवटी सूनच म्हणाली, "जाऊ द्या त्यांले, मी धरते ना." मुकादमाकडं बॅटरी होती, तरी मी आधी दिवाच सोडायले लावला. तो हसला, पण सोडला.

उतरले, माय. सुनेनं कमरेले घट्ट धरलं होतं. आत ओल, कोळ्यांची जाळी, वटवाघळांचा वास. माहे गुडघे असे धरले की कधी वर जाते असं झालं. इतकी वर्षं वाटायचं, खाली गेले की तू भेटशील. खरं सांगते, खाली तुही आठवण आलीच नाही. वर आले, सुनेनं चहा दिला अन् बाजेवर सरकून मले जागा केली, तेव्हा आली.