चौकटीतल्या लाल फुलीचा खुलासा

उद्यमनगर, कोल्हापूर
मंगळवार, दि. १२ नोव्हेंबर २००२

आदरणीय मौलाभाई इमामसाहेब शिकलगार, मुक्काम शिरोळ, यांना चन्नाप्पा बसाप्पा मगदूम याचे शरणु-शरणार्थी आणि सलाम, दोन्ही नमस्कार.

तुमचा डावा डोळा आता बरा असेल अशी आशा करतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला उद्या पाच महिने होतील. थेंब अजून चालू असतील तर एका औषधानंतर दुसरं पाच मिनिटांनी घालावं, लगेच घालू नये, पहिलं वाहून जातं (हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी बाटलीबरोबरचा कागद वाचलाय). खतिजाला आणि जावईबापूंना नमस्कार सांगावा. आफशीनची बारावी आहे, तेव्हा नातीला संगणकाच्या कॅफेत जरा कमी पाठवावं असं आपलं मी सुचवतो. त्यात माझा काही स्वार्थ आहे असं समजू नये. इकडे सर्व क्षेम आहे, फक्त शिवम्मा माझ्याशी बोलत नाही.

आता अहो-जाहो पुरे. तू रागात आहेस म्हणून पहिला परिच्छेद मानानं लिहिला. सत्तावीस वर्षं एका टेबलावर ज्याच्याबरोबर लाकूड तासलं त्याला यापेक्षा जास्त वेळ मान दिला की माझा हात दुखतो. शुक्रवारी संध्याकाळी खतिजाचा शिवम्माला फोन आला. आफशीननं तुला जयसिंगपूरच्या कॅफेत नेलं, आपल्या 'सी. एम. पॅटर्न वर्क्स'ची वेबसाइट दाखवायला. सी म्हणजे चन्नाप्पा, त्याचा फोटो झकास, खाली नाव. एम म्हणजे मौला, त्याचंही नाव बरोबर, आणि नावाच्या वर पांढरी चौकट, चौकटीत लाल फुली. तू तिथनं उठलास, आणि एसटीत बसल्यावर म्हणालास, "चन्नाप्पानं फुली मारली की गं माझ्यावर." आणि निरोप धाडलास की माझी हत्यारांची पेटी गुरुवारी गुंडूच्या टेंपोतनं पाठवून द्या. शिवम्मानं फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पट्टी घेऊन बसा आता. एक दिवस मलाबी मोजून बाहेर काढशीला." त्यानंतर ती बोललेली नाही. भाकरी वाढते, पण मोजून.

मौला, मी फुली मारलेली नाही. ती कशी आली ते पहिल्यापासून सांगतो, कारण मधलं एक जरी वगळलं तरी ते खोटं वाटेल. पत्र अर्ध्यात फाडू नकोस. रोज्यात राग धरायचा नसतो हे तूच मला सत्तावीस वर्षं ऐकवत आलायस.

तुला माहीतच आहे, पुण्याच्या पंप कारखान्याच्या, त्यांना साचे पुरवणाऱ्यांच्या यादीत नाव लागलं तर आपल्याला दोन वर्षं मान वर करायला नको इतकं काम आहे. त्यांच्या फॉर्मवर नववा रकाना 'वेबसाइटचा पत्ता' असा होता. आता मी काही रकाना मोकळा सोडणारा माणूस नाही. म्हणून राजारामपुरीत नवव्या गल्लीला एक क्लास आहे तिथं नाव घातलं: 'तीन रविवारांत आपली वेबसाइट'. शिकवणारी प्रेरणा नावाची मुलगी, वय बावीस, मला काका म्हणते. पहिल्या रविवारी तिनं सांगितलं की नवशिक्याला तीन रस्ते आहेत. एक, इंटरनेटवर तयार पानं फुकट मिळतात, त्यात नाव-पत्ता भरायचा की झालं. दुसरा, एक सॉफ्टवेअर, त्यात मजकूर आणि फोटो माऊसनं ओढून हवे तिथं ठेवायचे, मागचं लिखाण ते आपोआप करतं. तिसरा, नोटपॅडमध्ये सगळी आज्ञावली हातानं लिहायची. "काका, तुम्ही बिगिनर आहात, पहिला किंवा दुसरा घ्या," म्हणाली. आता एकतीस वर्षं मिस्त्री असलेल्या माणसाला बावीस वर्षांच्या पोरीनं बिगिनर म्हणायचं, आणि ते बरोबर असायचं, हे जरा अवघड जातं. पहिला रस्ता मी तिथल्या तिथं नाकारला. जो माणूस जन्मभर दुसऱ्यांना साचे करून देतो, त्यानं स्वतःच्या नावासाठी कुणाचा तरी तयार साचा वापरायचा? शिवाय फुकटच्या पानावर वर एक जाहिरातीची पट्टी लुकलुकत होती, हनिमूनला कुठंतरी जाण्याची. पंपाच्या झाकणावर ते शोभत नाही. दुसरा रस्ता म्हणजे रंध्याच्या मशीनसारखा, हाताला कळतच नाही लाकूड कुठं गेलं. तेव्हा मी तिसरा घेतला, नोटपॅड. (प्रेरणानं नुसतं "बरं" म्हटलं. ही मुलगी शिवम्माला कधी भेटलेली नाही, तरी "बरं" तसंच म्हणते.)

त्यात नियम असा की जे उघडलं ते बंद करायचं. अक्षर ठळक करायचं तर 'ठळक सुरू' लिहायचं, शब्द संपला की 'ठळक बंद'. मी आपल्या फर्मचं नाव ठळक केलं आणि बंद करायला विसरलो. नावापासून शेवटच्या पिनकोडपर्यंत सगळं पान ओरडायला लागलं. ते सापडायला मला एक आख्खा सोमवार गेला (कारखाना बंद, म्हणून बरं). पुढच्या रविवारी एक कंस राहिला आणि पान कोरंच आलं. चार रविवार झाल्यावर, तीन रविवारांच्या क्लासला, मी प्रेरणाला म्हणालो की मला दुसऱ्या रस्त्याचं सॉफ्टवेअर जरा तपासून बघायचंय, वापरायचं असं नाही. ते सात दिवस तपासलं. तुला म्हणून सांगतो, सोपं हत्यार सोपं असतं म्हणून वाईट नसतं. पहिल्या कामाला माणसानं तेच घ्यावं, आपला जोर हत्यारावर घालवण्यापेक्षा कामावर घालवावा. हे मी तिच्याजवळ कबूल केलेलं नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये मापं मिलिमीटरमध्ये चालत नाहीत, पडद्यावरच्या ठिपक्यांत चालतात. मी आपलं व्हर्नियर काचेला लावलं. घरच्या पडद्यावर पान दिसण्याची जागा दोनशे साठ मिलिमीटर, ठिपके सातशे ऐंशी, म्हणजे मिलिमीटरला तीन ठिपके, बरोबर भागलं. मग मला आठवलं की आकस धरायचा राहिला. ओतलेलं बीडाचं लोखंड थंड होताना आकसतं म्हणून आपण लाकडी साचा शंभराला एक मोठा करतो, हे तुझ्यामाझ्या बोटांत आहे. पान तर कोल्हापूरहून पुण्यापर्यंत वायरीतून जाणार. म्हणून सातशे ऐंशीच्या जागी सातशे अठ्ठ्याऐंशी ठेवले. पान आडवं सरकायला लागलं, आठ ठिपके इकडं, आठ तिकडं. प्रेरणा म्हणाली, "काका, वेबसाइट आकसत नाही." मी म्हणालो, तुला किती वर्षांचा अनुभव? ती म्हणाली, दोन. मी म्हणालो, बीडाचा मला एकतीस वर्षांचा आहे. त्यावर तिनं पुन्हा "बरं" म्हटलं. घरी येऊन मी आठ ठिपके काढले.

आता मुद्द्याचं. तुझा फोटो मी स्वतः निवडला, सत्त्याऐंशीच्या खंडेनवमीचा. हत्यारं मांडलीत, तू पहिल्या ऑइल इंजिनच्या चाकाचा साचा धरून बसलायस, आणि तुझ्या कानावर झेंडूचं फूल आहे जे शिवम्मानं पेटीवर ठेवायला दिलं होतं. स्टुडिओत नेऊन तो संगणकावर घालून आणला आणि माझ्या मशीनवर 'मौला' नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला, एकटाच. तिथून ओढून पानावर सोडला तेव्हा सॉफ्टवेअरनं एक पाटी पुढं केली. मी डिक्शनरी घेऊन वाचली. विचारत होतं की हा फोटो वेबसाइटच्या कप्प्यात नाही, त्याची एक नक्कल तिकडं करून घेऊ का? आता अस्सल समोर असताना नक्कल कशाला? मी 'नाही' दाबलं. पूर्ण विचार करून दाबलं. माझा स्वतःचा फोटो आधीच त्या कप्प्यात होता, त्याबद्दल विचारलंच नाही.

३ तारखेला रविवारी साइट चढली. घरी उघडली तर तू झेंडूसकट दिसतोयस. तरी मी घरच्या पडद्यावर विश्वास ठेवला नाही. राजारामपुरीतल्या दोन कॅफेत स्टीलची पट्टी घेऊन गेलो. पहिल्या ठिकाणचा मालक म्हणाला, "पावणं, काच बसवायला आलाय व्हय? आम्ही बोलावलं न्हाई." मी सांगितलं, माप घ्यायला आलोय. तो म्हणाला, तेच की. घरी तुझ्या फोटोची चौकट साठ बाय ऐंशी, इथं अडुसष्ट बाय एक्क्याण्णव, दुसऱ्या कॅफेत चौपन्न बाय बहात्तर. प्रत्येक काचेवर माप वेगळं. दोन दिवस मला नीट झोप नाही. शेवटी हिशोब केला, रुंदी-उंचीचं प्रमाण सगळीकडं तीनास चार भरलं, मग जीव शांत झाला. वहीत दोन्ही मापांसमोर बरोबर अशी खूण केली. मौला, चौकट मी दोन ठिकाणी मोजली. चौकटीत कोण आहे ते बघायचं राहिलं.

शनिवारी मी प्रेरणाकडं गेलो. तिनं क्लासच्या मशीनवर साइट उघडली, फुली दाखवली आणि एका मिनिटात कारण सांगितलं. म्हणाली, "काका, त्यांचा फोटो तुमच्या घरातच राहिलाय. तुमच्या मशीनवर तुम्हाला ते दिसणारच. बाहेरच्या कुणाला कसे दिसतील?" ती साध्या कामाचं साधं बोलली. मी पेरूच्या गाडीपाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि पेरू न घेता घरी आलो. आल्यावर पाटी पुन्हा आणली आणि 'होय' दाबलं. आता तू सगळीकडं दिसतोस. आफशीनला जयसिंगपूरला पाठव (बारावी असली तरी एकदा पाठव), ती सांगेल.

जूनमधल्या त्या अर्ध्या मिलिमीटरबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. फाउंड्रीच्या मालकांसमोर मी तुझा साचा व्हर्नियरनं मोजायला नको होता, बाजूला नेऊन मोजायला हवा होता, एवढं कबूल. पण पंपाच्या झाकणावरची गोल बैठक पन्नासची, आणि तुझी साडेपन्नास भरली. तुझा डोळा तेव्हा धुरकट होता, ते मी लोकांसमोर बोललो, तेही चुकलं. बाकी अर्धा मिलिमीटर म्हणजे अर्धा मिलिमीटर.

खतिजाला आशीर्वाद, आफशीनला अभ्यासाच्या शुभेच्छा. ऊसतोड कधी लागतेय ते जावईबापूंना विचारून कळव.

तुझा,
चन्नाप्पा

ता. क. (बुधवार) पेटी गुंडूबरोबर पाठवत नाही, हे पत्र पाठवतोय. पेटीला कुलूप आहे, किल्ली तुझ्याकडं, आणि आत काय काय आहे याची यादी न करता मी वस्तू बाहेर पाठवत नाही. यंदा खंडेनवमीला पहिलं झेंडूचं फूल पेटीवरच ठेवलं होतं. सुकलंय, पण तिथंच आहे.

ता. क. दुसरा (बुधवार, दुपार) वरचं अर्ध्या मिलिमीटरचं खोडणार होतो, पण खाडाखोड केलेला कागद मी कुणाला देत नाही, म्हणून इथं लिहितो. साइटवर फोटो घालायला आज झाकणाचा साचा फळीवरून काढला आणि ड्रॉइंग शेजारी ठेवलं. पन्नास हे बीडाचं माप आहे. लाकडाचं साडेपन्नासच पाहिजे. तू आकस धरून केलं होतंस, मी साधं माप धरून बोललो, आणि तू ऑपरेशनसाठी शिरोळला लेकीकडं गेल्यावर घासून पन्नास करून ठेवलं. जुलैमध्ये मालकांचा फोन आला होता की कास्टिंग साडेएकोणपन्नास येतंय. मी त्यांना म्हणालो, तुमचंच बीड जास्त आकसतंय. आज त्यांना खरं सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग विचारलं, "शिकलगार मिस्त्री कुठं हायत?" शिवम्मानं हे सगळं दारात उभं राहून ऐकलं आणि चहा आणून दिला. अजून बोललेली नाही.

ता. क. तिसरा (गुरुवार, गुंडू बाहेर हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात) पुण्याहून उत्तर आलं. त्यांच्या इंजिनिअरनं साइट बघितली. तीन डिसेंबरला, मंगळवारी, कारखाना बघायला येतो म्हणतोय. पहिल्याच पानावर मी एक ओळ लिहिली आहे की आमच्याकडं प्रत्येक माप दोन मिस्त्री वेगवेगळं तपासतात. त्याला ती फार आवडली, दोघांनाही भेटायचंय म्हणतो. ऑगस्टमध्ये लिहिली तेव्हा तू दिवाळीनंतर कामावर परत येणार होतास, त्यामुळे तेव्हा ती खोटी नव्हती. शिरोळहून सकाळी सातची एसटी आहे, साडेआठला मी स्टँडवर उभा असेन. तुझा रोजा असेल, तेव्हा इंजिनिअरबरोबर चहा मी एकटाच पिईन, हे आधीच सांगून ठेवतो. किल्ली आण. प्रेरणा म्हणते, ती ओळ साइटवरून काढायला एकच बटण लागतं. ते कुठं आहे हे मी तिला विचारलेलं नाही.