आणलेली माणसं

आई, या दसऱ्याला तुझ्या नातीनं तीन अनोळखी माणसं घरात आणली. ती दहा वर्षांची आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. पण तिला हे सुचलं ते तुझ्यामुळे, आणि तुझ्या गोष्टी तिला मीच सांगितल्या. अभिमानानं सांगितल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू वस्तीच्या नाक्यावर जाऊन उभी राहायचीस. दीक्षाभूमीला आलेली माणसं ट्रकमधून, रेल्वेतून उतरून थकलेली चालत यायची. तू कुणालाही अडवून म्हणायचीस, चला, घर इथंच आहे. दोन खोल्यांत दहा-पंधरा माणसं मावायची. बाबा सतरंज्या टाकायचे, मोठ्या गंजात वरण शिजायचं, वांग्याच्या भाजीत भिवापुरी तिखट जास्तच पडायचं आणि लांबून आलेली माणसं डोळे पुसत जेवायची. एकदा एका बाईनं माझी झोपायची जागा घेतली. मी तिला विचारलं, तुम्ही कधी जाणार? तू मला दंडाला धरून चुलीपाशी नेलंस. मारलं नाहीस. खालच्या आवाजात म्हणालीस, "ते आले नाहीत, आपण आणले. आणलेल्याले असं इचारते का वं कोणी?" एवढंच. तुझी बोटं दंडावर उमटलेली मला अजून दिसतात.

या दसऱ्याला नवरा गावाला गेला होता. मला तासाभरासाठी सदरच्या ऑफिसात जावं लागलं. लेक एकटी घरी. आमच्या इमारतीत कोणी आत आलं की फोनवर कळतं. परतीच्या रिक्षात असताना कळलं: पाहुणे, तीन, परवानगी घरून. आमच्याकडे कोणी येणार नव्हतं. तिला फोन लावला, उचलला नाही. आमच्या हॉलमध्ये एक कॅमेरा आहे, भिंतीवर, तिच्यासाठीच लावलेला. मी तो उघडला.

फोनच्या काचेवर माझा हॉल. पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी जमिनीवर पाय पसरून बसली आहे. शेजारी एक तरुण बाई गाठोडं मांडीवर घेऊन. एक माणूस पंख्याखाली उभा राहून गमछ्यानं मान पुसतो आहे. लेक कुठंही नाही. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं. मी ओरडले, कोण आहात तुम्ही, मुलगी कुठं आहे. तिघंही दचकले. आवाज कुठून येतो ते त्यांना कळेना. त्या माणसानं चपलांच्या कपाटाकडं तोंड करून हात जोडले आणि म्हणाला, ताई, खाली पाणी मागितलं होतं, लेकरानं वर बोलावलं.

तेवढ्यात ती स्वयंपाकघरातून आली. हातात ताट, त्यात तीन वाट्या. म्हणाली, "आई, हे आपले पाव्हणे आहेत. मी नूडल्स केले." मी म्हटलं, त्यांना बाहेर जायला सांग. ती म्हणाली, पण मीच आणलं त्यांना. आत्ताच्या आत्ता, मी म्हटलं. ती ताट घेऊन तशीच उभी. म्हातारी भिंतीला धरून उठली, तिच्याजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला.

"तिला हात लावू नका."

हात वरच थांबला. मग म्हातारीनं तो पदरात घेतला. तरुण बाईनं गाठोडं उचललं. दार लागलं.

सीताबर्डीच्या पुढं रस्ते बंद होते. मी रिक्षा सोडली आणि गर्दीतून जवळजवळ पळत निघाले. ती माणसं गेली होती, हे मी पाहिलं होतं, तरी थांबता येत नव्हतं. चालताना एक गोष्ट आठवली, जी मी लेकीला कधी सांगितली नाही. घर माणसांनी भरलं की तू माझ्या मनगटाला तुझ्या पदराचं टोक बांधायचीस. भाकऱ्या थापत असायचीस, मागं बघायची नाहीस, पण मी जरा लांब गेले की पदर ताणला जायचा आणि तू ओढायचीस. मी तो खेळ समजत होते. आई, तू घाबरत होतीस. तरी नाक्यावर जात होतीस. हे मला त्या रस्त्यावर, तू गेल्यावर इतक्या वर्षांनी कळलं.

आमच्या इमारतीच्या फाटकापाशी ते तिघं उभे होते. लोकांनी वेगवेगळ्या दिशा सांगितल्या असाव्यात. म्हातारीनं मलाच विचारलं, "माय, दीक्षाभूमी कोन्या अंगाला हाय?" समोरून ती लहानखुरी दिसत होती, कॅमेऱ्यात दिसली त्याहून लहान. वर चला, म्हणता आलं असतं. पण मी बोलले असते तर त्या माणसानं आवाज ओळखला असता. मी हातानं उजवीकडं दाखवलं. तिनं मान लववली आणि ते गेले.

लेक जमिनीवर बसली होती, वाट्या पुढ्यात. रडली नव्हती. म्हणाली, "तू भिंतीतून काहून बोलली?" मी तिला जवळ घेतलं, एकटी असताना दार उघडायचं नाही वगैरे सांगितलं. ते खोटं नव्हतं. आज पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा तेच सांगेन. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुला खाली भेटले का ते?

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून लिहिते. मी नाही म्हटलं. जवळच असतील मग, असं म्हणून तिनं ताट उचललं आणि खाली गेली. मी अडवलं नाही. खिडकीत जाऊन उभी राहिले. ती फाटकाबाहेर आली, दोन्हीकडं पाहिलं, आणि ते गेले त्याच्या उलट, डावीकडं वळली. कोपऱ्यापर्यंत जाऊन ताट धरून उभी राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत. मी वरून हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.