गरमाच्या बाजूचं प्रेशर

२९ नोव्हेंबर २०१५, रविवार. लातूर.

आजपासून लिहून ठेवणार. काम टेक्निकल आहे, नोंद पाहिजे.

बायको, रत्नम्मा, श्रावणात पडली तेव्हापासून तिचा उजवा खांदा कामातून गेला. हात वर जात नाही, बादली उचलत नाही. पाणी गॅसवर तापतं स्वयंपाकघरात आणि न्हाणी अंगणापलीकडं. तिचं असं की आधी आंघोळ, मग गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, मग पोटात चहा. तोवर पाण्याचा घोटसुद्धा नाही. शुगरची गोळीही त्यानंतरच. काल हे सगळं उरकायला दुपार झाली.

म्हणाली, माझं पाणी तेवढं काढून देत जा, बादली आत ठेवली की बास. मी शांतपणे ऐकून घेतलं. बाईमाणसाचं पाणी गड्यानं काढायचं, हे आमच्या घरात कधी झालं नाही. शिवाय बादली म्हणजे तात्पुरता इलाज. मी कायमचा इलाज काढला. न्हाणीतच गिझर आणि मिक्सर तोटी. एकच दांडी, डावीकडं गरम, उजवीकडं गार. स्टुलावर बसून डाव्या हातानं आंघोळ. ८२ साली जिल्हा नवा झाला तेव्हापासून मी पाण्याच्या ऑफिसात होतो. आवक-जावकला का होईना, अख्ख्या जिल्ह्याचं पाणी माझ्या टेबलावरून गेलं आहे.

३० नोव्हेंबर

भुजंग प्लंबर आला. गाराची बाजू त्यानं बसवली. आट्यांवर टेफ्लॉन टेप अगदी कंजूषपणे गुंडाळत होता. गरमाची बाजू मी स्वतः बसवली आणि टेप सढळ हातानं लावला. भुजंग म्हणाला, चन्नबसप्पा काका, लई व्हायलंय. मी लक्ष दिलं नाही.

१ डिसेंबर. सकाळी ६.

टेस्टिंग. गार, उत्तम. गरम, सुतासारखी धार. अर्ध्या तासात बादलीचा तळ झाकला, तोवर तेही निवलं.

कारण उघड आहे. टाकीत पाणी कमी. टँकर आला की प्रेशर येईल. रत्नम्माला सांगितलं, थोडा दम धर. शेजारच्या गुणाबाईनं येऊन तिचं पाणी काढून दिलं. आजचा दिवस ठीक आहे, सवय लागू नये.

गुणाबाई मिक्सर बघायला आत गेली आणि विचारते, यात चटणी कुठून टाकायची. अडाणीपणाला औषध नाही.

६ डिसेंबर

टँकर आला. टाकी भरून घेतली. लगेच सविस्तर टेस्टिंग केलं. आधी गार, मग बराच वेळ गरम, मग दोन्ही सोबत, मग पुन्हा गार, तुलनेसाठी. गरम तसंच.

संध्याकाळी रत्नम्मानं विचारलं, टाकी अर्धी कशी झाली, आठ दिवस काढायचेत. सांगितलं की पाण्याची तपासणी पाण्याशिवाय होत नाही. तिनं उठून तोटी घट्ट बंद केली. पटलं असावं.

अजूनही माझं पाणी तीच काढते. डाव्या हातानं, तांब्या तांब्यानं नेऊन. मी नको म्हणायचं ठरवलं आहे. मिक्सर चालू झाला की म्हणणार.

९ डिसेंबर

कारण सापडलं. टाकीची उंची. पाणी जितकं वर तितकं प्रेशर. टाकीखाली सिमेंटचे ठोकळे लावायचे. साधी गोष्ट, पण सुचावी लागते.

१३ डिसेंबर, रविवार.

टाकी उचलली. भरलेली टाकी उचलत नाही, म्हणून आधी उरलेलं पाणी सोडावं लागलं. हे विज्ञान आहे. गुणाबाई घागरी घेऊन पळत आली. भरून होईल तेवढं तिनं नेलं, बाकीचं गच्चीवरून गल्लीत गेलं. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत उभी राहिली. मला आधी वाटलं कौतुक करायलेत.

रात्री टाकी नव्या उंचीवर. रिकामी.

१५ डिसेंबर

टँकर नाही. रत्नम्माची आंघोळ नाही, म्हणून पूजा नाही, म्हणून जेवण नाही. मी म्हणालो, एक दिवस विभूती लावून हात जोड आणि चहा घे. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, लग्नाच्या आधीपासून कधी चुकली न्हाई, आता तुमच्या तोटीपायी चुकवू का.

दुपारी तिला उंबऱ्यात भोवळ आली. ओठ पांढरे. गुणाबाईनं तोंडात साखर घातली तर दात आवळून बसली. तेव्हा गुणाबाईनं आपल्या घरची बादली आणून तिला तिथंच अंगणात, लुगडं आडवं धरून न्हाऊ घातलं. पूजा झाली, मग साखर घेतली. मी बाहेर रस्त्यावर टँकर बघत उभा होतो. भीती वाटली, खरं सांगायचं तर.

डॉक्टर म्हणाले, खाण्याची वेळ चुकू देऊ नका, जिवावर बेतेल. तेच तर. वेळ चुकते कारण प्रेशर नाही.

१७ डिसेंबर

नांदेडहून मुलगी महानंदा आणि जावई संगमेश्वरराव आले. गुणाबाईनं फोन केला होता. हा उद्योग तिला कोणी सांगितला होता. रत्नम्माला आठ दिवसांसाठी घेऊन गेले. मीच म्हणालो, न्या. पेशंट घरात नसलं की टेस्टिंग मोकळेपणानं होतं. मिक्सर चालू झाला की लगेच परत. रत्नम्मानं मान हलवली. निदान मला तसं दिसलं.

२० डिसेंबर

टँकर. नव्या उंचीवरून टेस्टिंग. गार इतक्या जोरात आलं की चष्मा पडला. गरम, सुतासारखं.

गिझरमध्ये दोष आहे.

२ जानेवारी २०१६

गिझरमध्ये दोष नाही, असं दुकानदार म्हणतो. तो असंच म्हणणार.

९ जानेवारी

माझं पाणी काढायला कोणी नाही. गरम पाण्यानं माणूस बोदा, ढिला होतो, असं वाचलं होतं. गार पाण्यानं आंघोळ सुरू केली.

११ जानेवारी

सर्दी, ताप. आंघोळ बंद. पाण्याची बचतही होते.

२६ जानेवारी

फोन. महानंदा म्हणाली, आईचं सकाळी सातलाच खाणं होतं आता, शुगर एकदम बरोबर आली, खांद्यालाही उतार आहे. मी म्हणालो, नांदेडची हवा चांगली, नदी आहे ना. तिकडं तरी नळाला रोज कुठं पाणी आहे. आंघोळीचं कसं करतात ते विचारणार होतो, पण राहिलं.

१० फेब्रुवारी

घर फार मोठं वाटायलंय. लातूरच्या घरांचा हा दोष आहे.

७ मार्च, महाशिवरात्र. नांदेड.

रत्नम्माला आणायला काल आलो. सणाला घरची लक्ष्मी घरी पाहिजे, शिवाय मिक्सर आता जवळपास झालाच आहे.

पहाटे जाग आली. बघतो तर संगमेश्वरराव लुंगी वर खोचून गॅसवरचं पाणी बादलीत ओतायलेत. बादली न्हाणीत नेली. गार पाणी घातलं, हात बुडवून बघितला, अजून थोडं घातलं. स्टूल सरळ केलं. साबण हाताशी ठेवला. मग हाक मारली, मामी, पाणी काढलंय. आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन पेपर वाचत बसले.

जावयानं सासूचं पाणी काढायचं. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, हे शोभत नाही, चार लोक बघतील. ते म्हणाले, मामा, एक बादली तर हाय, त्यात काय वजन. वजनाचा प्रश्नच नव्हता. माणसाला मुद्दा कळत नाही.

रत्नम्माच्या तोंडावर तेज आलं आहे. पूजा झाली, पोथी झाली, उपवासाची भगर मला वाढली. म्हणालो, चल. म्हणाली, पाणी आलं का तिकडं. म्हणालो, गार येतं. म्हणाली, मग तुम्ही पुढं व्हा. मला विचारलं, तुम्ही काय खायलात, गालफडं बसली. शिदोरी बांधून दिली.

बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं. जावयाचं वाईट वाटलं, इतका शिकलेला माणूस.

२८ मार्च

शहरातल्या पाण्याच्या टाक्यांपाशी जमाव करायला बंदी आहे म्हणतात. मी तर गच्चीवर एकटाच असतो.

आज मिक्सर पूर्ण खोलला. गरमाच्या तोंडाशी टेफ्लॉन टेपचा बोळा निघाला, बोटाएवढा. नळीत सरकून जाळीवर बसला होता. एवढा टेप कोणी गुंडाळला असेल. भुजंगला फोन केला, उचलत नाही. असे लोक असतात.

साफ केलं. बसवलं. टाकी कोरडी.

१२ एप्रिल

मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. स्टेशनवर गर्दी. आमच्या भागाला टँकर कधी, कोणी सांगत नाही. गुणाबाईला दोन घागरी मागितल्या, टेस्टिंगपुरत्या. तिनं दार लावून घेतलं.

१७ एप्रिल, रविवार.

टँकर आला. टाकी भरली. बटण दाबलं, दिवा लागला, पाणी तापलं, दिवा गेला. दांडी डावीकडं केली.

काय धार. बादली बघता बघता भरली, वाहायला लागली. उन्हानं टाकी तापल्यामुळं गाराच्या बाजूनंही गरमच येतं, पण प्रेशर दोन्हीकडं सारखं. साडेचार महिन्यांच्या कष्टाचं चीज झालं. एकट्याला इतका आनंद सोसेना.

नांदेडला फोन लावला. रत्नम्माला बोलावलं. काही सांगितलं नाही, नुसता फोन तोटीजवळ धरला. चांगला वेळ धरला. मग कानाला लावून विचारलं, ऐकलंस का. म्हणाली, बंद करा आधी, पाणी वाया जायलंय. बंद केली.

मग विचारलं, कधी येतेस. म्हणाली, तिकडं कोणाच्या भरवशावर येऊ. मी म्हणालो, मिक्सरच्या.

नंतर फोनवर महानंदा होती. म्हणाली, बाबा, आईची लुगड्यांची पेटी आणि पूजेचं सगळं सामान काढून ठेवा, हे येत्या रविवारी न्यायला येतील. मी म्हणालो, येऊ दे. संगमेश्वररावांना मिक्सर दाखवता येईल.