राखेतल्या किल्ल्या

हिवाळा बसायला अठरा दिवस. तुझ्या मोजणीनं सन नऊशे एकाहत्तर.

प्रिय धाकट्या भावा एस्पेन,

तू खुशाल पोचला असशीलच. तुझी होडी पाण्यातून न जाता दिवसांमधून जाते, तिला कसलं वादळ लागणार! इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. ग्यूरिदचा गुडघा हवेत ओल आली की ठणकतो. करडी गाय आटली. बार्ली कोठारात आली, मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या. तू गेलास त्याच सकाळी फळीवरचा चीजचा मोठा गोळा नाहीसा झाला. ग्यूरिदनं शेजारच्या काल्फच्या कुत्र्याला यथेच्छ शिव्या दिल्या. मी कुत्र्याला गुपचूप एक हाड टाकलं.

हे पत्र तुझ्याच वहीत, तुझ्याच लेखणीनं लिहितोय. तू विसरलास ती. अक्षरं मात्र आमची आहेत, लाकडावर खाचा पाडतो ती. तुला ती माझ्यापेक्षा चांगली वाचता येतात, हे बघून पहिल्याच दिवशी मी चाट पडलो होतो.

तू न सांगता गेलास ते ग्यूरिदला फार लागलंय. "तीन वर्षं माझ्या हातची पेज प्यायला," ती म्हणते, "आणि जाताना 'येतो वहिनी' एवढं म्हणायला जीभ रेटली नाही त्याची?" मी म्हणतो, असेल काही घाई. ती म्हणते, "ज्याच्याकडे काळाची होडी आहे, त्याला कसली आलीय घाई?"

ती काळी मेंढी आठवते? दरीत पडून मेली म्हणून मी हळहळत होतो, तर तू म्हणालास, चल, कालच्या दिवसात जाऊन तिला अडवू. गेलो. मी डोळे घट्ट मिटून, गळ्यातला देवाचा छोटा हातोडा मुठीत धरून. मेंढी कड्यापाशी निवांत चरत होती, आणि तू हात पसरून, आरडाओरडा करत तिच्याकडे धावलास. ती बुजली आणि थेट दरीत! तू कड्यावरून वाकून खाली बघितलंस आणि म्हणालास, "बघ आस्गाउत, झालेलं बदलत नाही. फार तर आपणच ते घडवतो." घरी आलो तर आदल्या दिवशीचा मी तिथं चुलीपाशी बसलेला. ग्यूरिदनं दोघांकडे पाहिलं, दोघांपुढे वाडगे ठेवले आणि म्हणाली, "एक खातोय, एक बोलतोय. लाकडं फोडणारा आस्गाउत कुठल्या दिवशी येतो, ते सांगा." तुला हसता हसता ठसका लागला होता.

त्याच आठवड्यात आपण भाऊ झालो. मी गवताची लांब पट्टी मातीसकट सोडवून उचलली, दोन्ही टोकं जमिनीत तशीच ठेवली, मधे भाला टेकवून कमान केली. तिच्याखाली आपण दोघांनी तळहात कापून रक्त मातीत मिसळलं. एकाच्या जिवावर बेतणारं दुसऱ्यानं सांगायचं, ही शपथ. तू फार गंभीर होतास. मी तर हरखून गेलो होतो. मी दास म्हणून जन्मलो. शिंगाच्या फण्या करून, विकून, मालकाला माझी किंमत मोजून, स्वतः गाळलेली सुटकेची बिअर साऱ्या गावाला पाजून मोकळा झालो. दासाला ना बाप असतो ना भाऊ. चाळिसाव्या वर्षी मला भाऊ मिळाला.

काल्फचं विचारशील. माझ्या किनाऱ्याला लागलेला देवमासा गावाच्या सभेनं मला दिला, तेव्हापासून तो धुमसतोय. परवा धक्क्यावर मोठ्यानं म्हणाला, "बिअर पाजून दासाचा माणूस होत असता, तर मी माझे बैलही सोडवले असते!" सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "काल्फदादा, बैलांना विचारून बघ, ते तुझ्याकडे राहतील का." पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. त्याच्या माणसांनी तीन पिंपं डांबर घेतलं. त्याची होडी एकच, तीही उन्हाळ्यात डांबरलेली. वीस माणसं जमवलीत त्यानं. आणि माझ्याकडे मी, एक गडी आणि ग्यूरिदची जीभ. दाद मागावी तर सभा भरणार पुढच्या उन्हाळ्यात.

हे सगळं मला कळायला हवंच होतं. पण मी थोडं आधी सावध झालो, त्याचं कारण सांगायचं टाळतोय. सांगतो.

एस्पेन, तू त्या छोट्या डबीशी बोलायचास ती तुझी भाषा आमच्याच बोलीची झिजलेली धाकटी बहीण आहे. पहिल्या हिवाळ्यातच ती मला कळू लागली. मी तुला कळू दिलं नाही, कारण तू डबीजवळ ग्यूरिदच्या पेजेबद्दल जे बोलायचास ते ऐकायला मला मजा यायची. तू गेलास त्याच्या आदल्या सकाळी मी मेंढवाड्याच्या भिंतीपलीकडे होतो. तू म्हणालास, "घर याच वर्षी जळतं. बार्ली कोठारात आल्यावर, जनावरं कापायच्या आधी. म्हणजे आता कुठल्याही दिवशी. हाडं इथल्या मातीत टिकत नाहीत, पण खणताना आम्हाला चुलीच्या राखेत मालकिणीच्या किल्ल्या मिळाल्या. घरधनीण किल्ल्या कमरेपासून सोडत नाही. म्हणजे कुणीच बाहेर पडलं नाही." मग म्हणालास, "वाईट वाटतं. चांगली माणसं आहेत. दाराच्या शिळेखाली मात्र खणायचं राहिलंय. पुढच्या उन्हाळ्यात."

मी भिंतीचे निसटलेले दगड परत बसवले. मग मनाशी म्हटलं, अजून सांगेल. भाऊ आहे.

दुपारी जेवताना मी तुला मुद्दाम विचारलं. आठवतं ना? "एस्पेन, हिवाळ्याआधी छपरावर नवी माती-गवत घालू का रे? तुला काय वाटतं?" ग्यूरिद वाढत होती. किल्ल्या तिच्या कमरेला वाजत होत्या. तू वाडग्यात बघत म्हणालास, "घाल ना. छान दिसेल."

छान दिसेल!

तू म्हणाला असतास, झालेलं बदलत नाही, मला माफ कर, तरी मी तुला पोटाशी धरलं असतं. तू रडला असतास तरी चाललं असतं. काल्फ मला जाळायला निघालाय, पण तो भाऊ म्हणवत नाही. दुसऱ्या सकाळी आम्ही मेंढ्या आणायला डोंगरावर गेलो आणि तू होडी काढलीस. वर चीज नेलंस. मरणाऱ्या माणसांना चीज कशाला, असा विचार केला असशील.

मी ग्यूरिदला आज सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला नुसत्या किल्ल्या मिळाल्या?"

"किल्ल्या."

"आम्ही नाही मिळालो?"

"नाही."

मग तिनं कमरेचा पट्टा सोडला. वीस वर्षांत पहिल्यांदा. दासाची बायको म्हणून तिला ज्यांनी हिणवलं, त्यांच्यासमोर मी त्या किल्ल्या तिच्या कमरेला बांधल्या होत्या. तिनं त्या हातात तोलल्या, चुलीत टाकल्या आणि म्हणाली, "घे म्हणावं. खण."

तुला काळी मेंढी आठवते आहे ना, एस्पेन? झालेलं बदलत नाही. तुला राखेत जे मिळालं ते आम्हीच ठेवून चाललोय.

उद्या भरतीला निघतो. मेंढ्या, फण्यांची शिंगं, गडी, ग्यूरिद आणि तिची जीभ. दार आतून अडवून छपरातल्या धूर जायच्या भोकातून बाहेर पडेन, म्हणजे काल्फ रिकाम्या घराला मोठ्या उत्साहानं आग लावेल. हे पत्र मेण लावून, दगडी भांड्यात घालून दाराच्या शिळेखाली पुरतोय. तिथं तू तुझ्या काळातल्या पुढच्या उन्हाळ्यात खणायला येणारच आहेस.

कुठं जातोय ते मात्र लिहीत नाही. तूही काही सांगितलं नव्हतंस.

ग्यूरिद खांद्यावरून डोकावून विचारते आहे, खाली काय लिहिणार? 'भाऊ' लिहू नकोस. पण मातीच्या कमानीखालून मी खरोखर गेलो होतो, आणि माझं रक्त अजून तिथंच आहे.

तुझा भाऊ,
आस्गाउत