बुडीत झाडांच्या कोपऱ्यासाठी काठी

प्रिय व्हर्लिन,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पण एकोणतीस वर्षांची सवय आहे, मोडायला वेळ लागणारच. तू विचारलं नाहीस तरी सांगते, माझं मनगट आता बरं आहे. थंडीत ठणकतं, पण गळाच्या काठीवर दोरा गुंडाळता येतो, आणि मला तेवढंच हवं होतं. तळघरातल्या बाकावर पुन्हा बसायला लागले आहे. तू गेल्यावर पहिले दोन महिने मी तिथे उतरलेच नव्हते. रिकाम्या खुंट्यांकडे बघवत नव्हतं.

मी बांधलेल्या तेवीस काठ्या होत्या तिथे. मी प्लास्टर काढायला डुलुथला गेले होते, त्या सकाळी तू त्या नेल्यास. मनगट कशानं मोडलं होतं, आठवतंय ना? तुझीच घसरगाडी गोठलेल्या तळ्यावरून ओढताना मी पडले होते. तू पुढे चालत होतास आणि मागे न बघता ओरडलास, “आर्डी, काठ्या सांभाळ!” मी सांभाळल्या. हात मोडला, पण एकाही काठीला धक्का लागू दिला नाही. नंतर वकिलासमोर तू म्हणालास, “मासेमारीचं सामान माझं. तिला त्यातलं काय कळतं?” शेरिल तेव्हा बाहेर गाडीत बसली होती. गाडी चालूच ठेवली होती तिनं, म्हणजे फार वेळ लागणार नाही याची तिला खात्री होती.

शेरिलचा मला राग येत नाही, खरंच. तिचं काय, तिला नवरा हवा होता, तो मिळाला. मला राग आहे तो त्या रेडिओवाल्याला तू दिलेल्या उत्तराचा. तू मासेमारीची स्पर्धा जिंकून तुझं नाव अकराव्यांदा सभागृहातल्या विजेत्यांच्या फळीवर कोरलं गेलं त्या वर्षी त्यानं तुला विचारलं होतं, “इतक्या नेमक्या काठ्या तुम्ही आणता कुठून?” मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत ऐकत होते. सोलणी खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसले. आता माझं नाव घेणार म्हणून उगाचच केस सारखे केले. रेडिओला कोण बघणार होतं! तू म्हणालास, “असतात अशाच. खरी गोष्ट माणसाच्या हातात असते.”

माणसाच्या हातात! व्हर्लिन, एकोणतीस हिवाळे रोज सकाळी त्या हातात काठी कोण देत होतं? खोल पाण्यावर जाणार असलास तर लांब, लवचीक. वारा असला तर जड टोकाची. तू कधी विचारलं नाहीस, ‘आज हीच का?’ कॉफीचा थर्मास घ्यावा तशी ती घ्यायचास आणि निघायचास. माझे वडील, एडव्हिन, मी सात वर्षांची असताना मला डोळे मिटायला लावून हातात काठी द्यायचे आणि विचारायचे, “पोरी, ही कुठे वाकते?” मला ते कळत होतं. तुला कधी कळलंच नाही, आणि मी ते कुणाला कळू दिलं नाही. ती माझी चूक.

जानेवारीत तळ्यावरचा बर्फ सडून ठिसूळ झाला आणि स्पर्धा खोल पाण्यावरून उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली, तेव्हा मला ठाऊक होतं की तुझा फोन येणार. तिथे जेमतेम पाच-सहा फूट पाणी, आणि त्यात वडिलांनी आणि मी बुडवलेली झाडं. दर वर्षी नाताळनंतरची सुकलेली झाडं दगड बांधून टाकायचो आम्ही. त्या फांद्यांत क्रॅपी मासे दाटीवाटीनं राहतात. तू त्या कोपऱ्यात कधी बसलाच नाहीस. “झाडोऱ्यात कोण अडकणार!” म्हणायचास.

फोनवर तू ‘कशी आहेस’ असंसुद्धा विचारलं नाहीस. “आर्डी, त्या कोपऱ्यासाठी कुठली नेऊ?”

मी म्हटलं, “आखूड ने. दोन फुटी. मुठीच्या बुचावर दुहेरी निळा दोरा आहे ती. टोक तेवढं नाजूक आहे, बाकी सगळी ताठ. आणि गळाचा तंगूस जाड घाल, सहा पौंड पेलणारा.”

 तू हसलास. “खरं सांगतेयस?”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा तू मला फसवायला बघतेयस.”

“बघ बाबा,” मी म्हटलं. “तुला हवी ती ने. थंडी फार आहे, मफलर घे.”

स्पर्धेच्या सकाळी मीही नाव नोंदवलं. टोइवोनं, आपल्या आमिषांच्या दुकानवाल्या म्हाताऱ्यानं, चष्मा वर करून दोनदा वाचलं. “आर्डिस, तू? बसणार?” म्हटलं, “बसणार.” तुझ्यापासून वीस पावलांवर, बर्फातल्या भोकापाशी बादली उलटी करून बसले. हातात माझी नवी काठी, मनगट बरं झाल्यावर बांधलेली एकुलती एक. तुझ्या हातात कुठली आहे ते मी लांबूनच ओळखलं. तीन फुटी, लवचीक, केसासारखा बारीक तंगूस. खोल पाण्याची माझी सगळ्यात सुंदर काठी.

पहिला मासा तुलाच लागला, आणि मोठा होता. काठी मुठीपर्यंत कमानीसारखी वाकली आणि तू तिच्या वाकण्याकडे बघत राहिलास. खोल पाण्यात ते वाकणं माशाला दमवतं. उथळ पाण्यात दमवायला वेळ कुठे आहे? गळ लागला की त्या क्षणी माशाचं तोंड वर वळवावं लागतं, नाहीतर तो एका उडीत फांदीत शिरतो. ताठ काठी तोंड वळवते, लवचीक काठी त्याला वाट देते. आणि पाच फूट पाण्यात तंगूस इतका तोकडा असतो की त्याला ताणायला वावच नसतो, म्हणून तो जाड हवा. तुझा मासा फांदीला एक वेढा घालून गेला. टंग! तंगूस तुटल्याचा तो आवाज मला वीस पावलांवर ऐकू आला. मग दुसरा, मग तिसरा. पाचव्याला टोइवो तुझ्याजवळ येऊन म्हणाला, “व्हर्लिन, मासे धरतोयस की झाडू मारतोयस?” सगळे हसले. शेरिल लाल टोपी घालून उभी होती, तीही हसली आणि मग तुझ्याकडे बघून थांबली.

सात गेले तुझे. मी मोजले. प्रत्येक टंगला माझ्या छातीत ऊब येत होती. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. मी जिंकले नाही, शाळेतला तो उंच शिक्षक जिंकला. मी तिसरी आले. पण फळीवर तुझं नाव नाही, आणि मी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

आता तू कॉफीच्या टेबलावर सांगत फिरतोस की आर्डिसनं सूड उगवला, मुद्दाम चुकीची काठी सांगितली. सूड उगवला हे खरं आहे. पण मी अक्षर न् अक्षर खरं सांगितलं होतं. मुद्दाम केली ती एकच गोष्ट, मी गोड बोलले. मफलर घे म्हटलं. तेवढ्यानं तुला खात्री पटली की मी खोटं बोलतेय. कारण माझ्याशी गोड बोललास तेव्हा तू स्वतः प्रत्येक वेळी खोटं बोलत होतास. निळ्या दोऱ्याची काठी तुझ्या घसरगाडीत, तुझ्या हातापासून तीन फुटांवर पडून होती. ती सबंध दिवस तिथेच राहिली.

हे सगळं इतकं सविस्तर का लिहिलं म्हणशील. टोइवो मागच्या आठवड्यात म्हणाला, “आर्डिस, नवी माणसं रोज विचारतात, त्या कोपऱ्यात कुठली काठी न्यावी. चार ओळी लिहून दे, भिंतीवर लावतो.” मी घरी येऊन चार ओळी लिहायला बसले आणि तूच डोळ्यांसमोर आलास. इतकं चांगलं उदाहरण दुसरं कुठे मिळणार? मग तुलाच पत्र लिहिलं आणि दोन प्रती केल्या. ही तुझी, या शेवटच्या ओळी तेवढ्या हिच्यात आज जोडल्या. टपालानं येईल, गुरुवारपर्यंत मिळेल. दुसरी सोमवारपासून टोइवोच्या दुकानात लागली आहे, जिवंत माशांच्या टाकीच्या वर, सगळ्यांच्या नजरेला येईल अशा उंचीवर. रांगेत उभ्या असलेल्या लोकांना वाचायला वेळ मिळतो. टोइवो म्हणतो की बरेच जण दोनदा वाचतात आणि मग आखूड काठी मागतात. आणि विचारतात, बांधून कोण देतं. तो माझं नाव सांगतो.

तुझी होते ती,
आर्डिस