लाल चौकडीचे कापड आणि एक ओंजळ पाणी

मी, कृष्णवेणी रामस्वामी राव, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार मैलापूर, चेन्नई. गुडघे सोडले तर बाकी सगळे शाबूत आहे, डोके तर फारच. तेव्हा कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की,

१. मैलापूरचे घर मुलगा हरिप्रसाद यास. वेलचेरीला दर पावसाळ्यात दारात पाणी येते, तरी हट्टाने तिथेच राहतो. आता तरी त्याने इकडे यावे.

२. पुस्तके, वीणा आणि सागवानी पेटीतले लाल चौकडीचे कापड नात जननी हिस.

या कापडाविषयी सांगणे भाग आहे. घरचे मूळपुरुष राणोजी मद्रासला जहाजांना कापड पुरवीत. हा त्यांचा नमुना. बरकत यानेच आली म्हणून आयुधपूजेला त्याला कुंकू लावतात. मीही पंचेचाळीस वर्षे लावले. मग पेटीतले मोडी कागद वाचून घेतले. माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई आणि त्याच्या बदल्यात जहाजवाले गुलाम म्हणून माणसे घेत. महासागरापलीकडे उसाच्या मळ्यांना फुकटचे हात हवे होते. आईच्या कडेवरचे मूल वेगळे विकत. वाटेत मेलेल्यांना समुद्रात टाकत. राणोजींनी गिऱ्हाईक पाहिले, पुढचे पाहिले नाही.

हरिप्रसाद म्हणाला, “अम्मा, अडीचशे वर्षं झाली की. ते पाप आपल्याला कशाला?”

पाप नव्हे रे राजा, सुतक. ते पाळायचे राहून गेले आहे.

३. म्हणून यापुढे कापडाला कुंकू लावू नये. महालय अमावास्येला, ज्यांचे मागे कोणी नाही त्यांना तर्पणात एक ओंजळ देतात. ती मरिनाच्या किनाऱ्यावर जननीने या माणसांना द्यावी. बाईचा हात म्हणून गुरुजी कुरकुरले, तर दक्षिणा वाढवावी.

४. माझी विद्यार्थिनी कनका साक्षीदार असल्याने तिला काही देता येत नाही. नववीत तिने विचारले होते, “टीचर, आफ्रिकेतून सव्वा कोटी माणसं नेली म्हणता. त्यांची नावं काय?” मी म्हणाले, “परीक्षेला येणार नाही. खाली बस.” वर्ग हसला. पोरी, मी चुकले. पुढे पुष्कळ शोधली, फार थोडी सापडली.

जननी, गुरुजी नाव विचारतील. ‘ठाऊक नाही’ असे मोठ्याने सांग आणि पाणी सोड.

चेन्नई, १२ सप्टेंबर २०२५
सही: कृष्णवेणी

साक्षीदार:
१. माधवराव, शेजारी
२. कनका (खुर्ची दिली होती, उभ्यानेच सही केली)