अवेळी वाजलेला भोंगा

बाबा, गिरणी बंद पडली, पाठोपाठ तुम्हीही गेलात, पण गेला आठवडाभर आपल्या गल्लीत पुन्हा भोंगा वाजतोय. टीव्हीवरचा. सीमेवर चकमक सुरू झाल्यापासून बातम्या देणारी पोरंपोरी मागे भोंगा लावूनच ओरडतात. तुमचा नातू तिकडंच आहे, फौजेत. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. कान मात्र तुमचेच घेतलेत त्यानं, बाहेर आलेले. चकमक सुरू झाली आणि त्याचा फोन थांबला. भोंगा झाला की मी फोन हातात घेऊन बघते, आणि शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात.

आपल्या नांदेडच्या गिरणीत भोंग्याची साखळी तुमच्या हातात होती. पाळी भरताना एकदा, सुटताना एकदा. सुटीचा भोंगा झाला की आई तवा ठेवायची. अवेळी वाजला तर त्याचा अर्थ साऱ्या वस्तीला ठाऊक होता, आत कुणाला तरी लागलंय. मी लहान होते तेव्हाच्या लढाईच्या दिवसांत एक बडे पुढारी गिरणीच्या फाटकावर भाषणाला आले होते. मंडपात माणूस नव्हतं. मॅनेजरनं भोंगा द्यायला सांगितलं आणि तुम्ही दिलात. आई कणीक मळत होती. ती तशीच पळते आहे, मी तिच्या पदराला, आणि मागे सगळी वस्ती. फाटकावर ती दिसेल त्याला विचारते, "कुनाला लागलं वो? आमचं माणूस बरं हाय न्हवं?" पण तोवर माईक सुरू झालाय. पुढारी आमच्याकडं हात करून सांगतात, बघा, चुलीपुढची बाईसुद्धा युद्धाला तयार आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. आईच्या हाताची कणीकसुद्धा दिसत होती त्यात. तुम्ही तो बघितलात आणि म्हणालात, "ह्यायला वाटलं बाया लढाईला आल्या. त्या आपापला माणूस बघाया आल्त्या." पुढच्या सभेला मॅनेजर पुन्हा आला, तेव्हा तुम्ही साखळी सोडून बाजूला झालात. "साहेब, तुमीच वढा." त्यानंतर तुम्हाला रुईच्या गाठी उचलायच्या कामाला लावलं. आई कधी कुरकुरली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच म्हणायची आणि तुमच्या पाठीला तेल लावायची.

परवा मंडळाच्या पोरांनी चौकात स्टेज घातलं. मला नेऊन शाल घातली आणि माईकवर वीरमाता म्हणाले. पोरगं जिवंत असताना हा शब्द ऐकून मी माईकपासून मागे सरकले. "काकू, दोन शब्द बोला की. आपलं पोरगं तिकडं लढून राहिलं." मला नुसतं रडू आलं. त्यांनी ते मोबाईलवर टिपलं आणि खाली लिहिलं, सूड मागणाऱ्या आईचे अश्रू. लातूरच्या नणंदेनं तेच मला पाठवलं. वहिनी, अभिमान वाटला. मी तिला हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं. फोन येत नाही म्हणून रडत होते, हे सांगायला मला अख्ख्या गावात माणूस नाही, बाबा. तुम्हाला सांगावं लागलं नसतं.

काल संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. गल्ली चिडली. मला शाल घालणारं पोरगंच दारात उभं राहून म्हणालं, "काकू, असं कसं थांबले? अजून हाणायला पायजे होतं." आत्ता कुठं जीव भांड्यात पडला होता माझा, तरी मी मान हलवली. तो जातो न जातो तोच फोन वाजला. "आई, जेवलो मी. आता झोपतो." एवढंच बोलला. माझ्या कानात तुमचा सुटीचा भोंगा झाला.

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही, म्हणून तर लिहिता येतंय. काल फोन ठेवल्यावर मी शिरा करायला घेतला. तुपात रवा भाजायला लागला तसा वास सुटला, आणि मी उठून आधी खिडकी लावून घेतली. घरात गोड झालंय, हे गल्लीला कळू नये म्हणून.